ओरूच्या चार लेकी

नसलेल्या माणसांना भाषा पुरवणं हा डॉ. विभावरी इंगवले यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. असलेल्या माणसांशी त्यांचं फारसं जमत नसे, तेव्हा तो त्यांना शोभूनही दिसत होता. विद्यापीठाचा भाषाशास्त्र विभाग विद्यार्थ्यांअभावी बंद पडला, तेव्हा त्यात तीन प्राध्यापक उरले होते. एकानं शेवग्याची शेती धरली, दुसऱ्यानं प्रवचनं सुरू केली. तिसऱ्या विभावरीबाई. त्यांनी उद्यमनगरातली नोकरी धरली आणि दोघांच्याही टिंगलीचा विषय झाल्या.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावर ‘कवडसा’ नावाची कंपनी होती. खाली पंपाच्या बॉड्या ओतत आणि वर जग. चष्मा चढवला की माणूस एका खोऱ्यात उतरायचा. तिथली चार गावं, तिथली माणसं, त्यांची भांडणं, त्यांची लग्नं. या खेळात शत्रू नव्हते, गुण नव्हते, आणि मुख्य म्हणजे भाषांतर नव्हतं. खोऱ्यात राहायचं तर तिथली भाषा शिका, नाहीतर भाकरीसुद्धा मागता यायची नाही, अशी अट. माणूस महिनोन् महिने तिथं जाऊन राहावा, तर ती भाषा खोटी वाटून चालणार नव्हतं.

आणि बनवलेली भाषा खोटी वाटतेच. एका माणसानं एका वहीत बसून रचलेली भाषा कागदी फुलासारखी असते, पाकळ्या सगळ्या सारख्या. खरी भाषा नात्यागोत्यातून आलेली असते. मराठीला गुजराती, कोकणी, बंगाली अशा बहिणी आहेत. चेहरेपट्टी एक, स्वभाव वेगळे. म्हणून कंपनीला एक भाषा नको होती. सगळं कुळच हवं होतं, म्हणजे एक आई, चार लेकी आणि मधली दोन हजार वर्षं.

दोन हजार वर्षांचं काम ज्या यंत्रावर व्हायचं, त्याला ऑफिसात ‘गुऱ्हाळ’ म्हणत. एका बाजूनं ऊस घालायचा, मग नुसती बोलणीच बोलणी. विभावरीबाईंनी आईभाषा रचली, ओरू. तिचे सहाशे मूळ शब्द, वाक्याची घडण, नात्यांचा तक्ता, बारशापासून मरणापर्यंतचे रीतिरिवाज. हा झाला ऊस. गुऱ्हाळात बारा हजार बोलणारे होते. बोलणारा म्हणजे शिकणारी एक छोटी संगणकी बुद्धी, साधारण तीन वर्षांच्या पोराच्या वकुबाची. कानावर पडेल ते उचलायचं, आळसानं थोडं बिघडवून बोलायचं, गावातल्या वजनदार माणसाची नक्कल करायची, बायकोच्या माहेरचे चार शब्द घरात आणायचे. ते जन्मत, बोलत, मरत. त्यांची पंचवीस वर्षं यंत्राच्या तीनेक तासांत संपत. मधे नदी आली, डोंगर आला की दोन गावांचं बोलणं तुटे. ओरूत पाण्याला ‘इतुमा’ होतं. अकरा दिवसांनी यंत्र थांबलं, तेव्हा वरच्या गावात ते ‘इदुम’ झालं होतं, नदीकाठी नुसतं ‘तुमा’, जंगलात ‘इचुव’ आणि खाडीवर ‘ह्युम’. एकही बदल कुणी ठरवून केलेला नव्हता. सहाशे शब्दांचे नऊ हजार झाले होते, आणि त्यातल्या दोनशे शिव्या विभावरीबाईंनी कधी स्वप्नातही रचल्या नसत्या.

गुऱ्हाळ चालवणारा सर्फराज मुजावर अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. आतल्या कुणाला काही वाटत नाही, सगळी गणितं आहेत, असं तो येईल त्याला शपथेवर सांगायचा. पण आतला एखादा म्हातारा संपायला आला की पडद्याकडे बघून हळूच म्हणायचा, “चला आजोबा.”

चाचणीसाठी दोनशे माणसं महिनाभर खोऱ्यात राहून आली. त्यांचे अभिप्राय विभावरीबाईंनी स्वतः वाचले, आणि सवयीप्रमाणे मोजले. एकवीस जणांना भाकरी आवडली नव्हती. चौतीस जण भाषेच्या प्रेमात पडले होते. आणि एकशे त्रेचाळीस जणांनी, एकमेकांशी न बोलता, एकच प्रश्न विचारला होता. विहिरीपलीकडे उभ्या असतात त्या कोण?

“मॅडम, मला वाटलं तुम्हीच घातल्यात त्या,” सर्फराज म्हणाला. “वातावरणासाठी.”

बाईंनी चष्मा चढवला. वरच्या गावात भर दुपार होती. विहिरीवर बायकांची झुंबड, तोंडं चालू. आणि विहिरीपलीकडे, बांधाच्या कडेनं, ओळीनं उभ्या. पाच वर्षांच्या पोरीपासून पांढऱ्या केसांच्या म्हातारीपर्यंत. भुकेल्या नव्हत्या, अंगावर कपडे होते. विहिरीवरच्या बायका जाताना भाकरीची टोपली बांधावर ठेवत होत्या, पण कुत्र्यापुढे ठेवतानाही माणूस ‘यू यू’ करतो, तेवढंही कुणी करत नव्हतं. टोपली ठेवणारीची नजर त्या बायकांच्या आरपार जाऊन डोंगरावर टेकत होती. बाई खाडीच्या गावात गेल्या. तिथं त्या वाळूवर उभ्या होत्या. जंगलातल्या गावात झाडांत. चारही गावांत मिळून सर्फराजनं मोजल्या त्या एक हजार नऊशे चाळीस. दर सहा माणसांत एक.

“यांची नावं काय?”

“तीच तर गंमत आहे की. नाव कुणालाच नाही. बारसंच झालेलं नाही.”

कारण शोधायला दोन दिवस लागले. ओरूच्या रीतीत पहिल्या मुलीचं बारसं आजी करते आणि तिच्या पाठच्या मुलीचं तिची थोरली बहीण. थोरलीनं बाळाच्या कानात आधी नातं सांगायचं, मग नाव. ही रीत बाईंनीच मोठ्या हौसेनं रचली होती. आता थोरलीनं काय सांगायचं, तर ‘धाकटी बहीण’. आणि ओरूत धाकट्या बहिणीला शब्दच नव्हता.

सर्फराजला हे पटेना. शब्द राहून गेल्यानं काय एवढं होतंय? बाई ‘ओठ’ विसरल्या होत्या, तर आतल्या लोकांनी ‘तोंडाचा काठ’ असं जुळवून घेतलं होतं. पण ओठ रोजच्या बोलण्यात लागतात. बारशाला मात्र वाडवडिलांचाच शब्द चालायचा, अशी अट होती. पहिल्या पिढीतल्या पहिल्या थोरलीनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, तिला शब्द सापडला नाही, ती गप्प राहिली. भोवतीच्या पोरींनी ते पाहिलं. शिकणारी बुद्धी शब्द शिकते तसंच गप्प राहणंही शिकते. तिच्या लेखी दोन्ही सारखेच धडे. दुसऱ्या पिढीत तो रिवाज झाला, दहाव्या पिढीत धर्म. ऐंशी पिढ्यांनी, ज्याला नातं नाही त्याला नाव नाही, आणि नाव नाही त्याच्याशी बोलायचं कसं, हे त्या खोऱ्यात इतकं पक्कं झालं होतं की कुणी त्यावर विचारसुद्धा करत नव्हतं. चारही लेकींत तो खड्डा होता, कारण तो आईतच होता.

“तुम्हाला धाकटी बहीण नाही ना, म्हणून राहिलं असणार,” सर्फराज समजूत घालत म्हणाला.

“नाही,” विभावरीबाई म्हणाल्या.

मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली फाउंड्रीत साचे फोडत होते. तासाभरानं त्यांनी न विचारता सांगितलं, “आहे.”

भाषा गोळा करायला जाणाऱ्यांची एक जुनी सवय असते. प्रश्नावली घेऊन कुणाच्या दारात जायच्या आधी ती स्वतःच्या घरावर भरून बघायची. नात्यांचा तक्ता विभावरीबाईंनी असाच भरला होता, पीएच.डी.च्या वेळी, आणि पुढे तीस वर्षं प्रत्येक कामाला तोच नमुना पुढे ओढला होता. रिकामी चौकट लोकांच्या नजरेत भरते, कुणीतरी विचारतं. म्हणून त्यांनी तेव्हा ती चौकट रिकामी ठेवली नव्हती, तक्त्यातून काढूनच टाकली होती. तक्ता भरगच्च दिसत होता. ओरू रचताना तो त्यांनी समोर ठेवला आणि प्रामाणिकपणे एकेक चौकट भरली.

चौकटीतली होती वैजयंती. वैजू. पाच वर्षांनी लहान. एकतीस वर्षांपूर्वी ती आबांना न चालणाऱ्या घरातल्या मुलाशी लग्न करून निपाणीला गेली. आबा शाळामास्तर, आवाज कधी चढवत नसत. त्यांनी त्या दिवशी दुपारी पुन्हा अंघोळ केली, लेकीच्या नावानं, आणि जेवायला बसले. तिचं नाव घ्यायचं नाही असं त्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सांगावं लागलं नाही. आई महिनाभर वाढताना एक ताट जास्त घ्यायची, मग तिचाही हात शिकला. विभावरी तेव्हा तीस वर्षांची, शिकलेली, स्वतःच्या पगाराची बाई. ती बोलली असती तर कदाचित घर बोललं असतं. ती बोलली नाही. आबा गेले तेव्हा तेराव्याला वैजू आली होती. फाटकाबाहेर उभी होती. विभावरीनं पाहिलं, वैजूनं पाहिलेलं पाहिलं, आणि विभावरी पंगतीत भात वाढायला वळली.

निपाणी कोल्हापुरापासून बेचाळीस किलोमीटर. हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. यातलं थोडंफार त्यांनी त्या दिवशी खिडकीशीच सर्फराजला सांगितलं.

कंपनीच्या मालकीण अनुपमा चौगुले यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं ते हे की, यात बिघडलं काय? लोक त्या उभ्या बायकांपायी परत परत खोऱ्यात येत होते. कुणी त्यांच्यासाठी फुलं ठेवत होतं. एका गृहस्थाला त्या झोपेतही दिसू लागल्या होत्या आणि त्यानं तक्रार न करता आणखी महिनाभराची मुदत मागितली होती. मग विभावरीबाईंचा चेहरा पाहून त्या सौम्य झाल्या. अठ्ठावीस तारखेला खोरं कायमचं मोहोरबंद होऊन लोकांच्या हाती जाणार होतं. त्याआधी बाईंना हवं तर शब्द घालून पुन्हा पहिल्यापासून चालवावं. अकरा दिवस लागतात, तेव्हा सोमवारी सकाळी दहापर्यंत सांगावं. फक्त गुऱ्हाळात जागा एकाच खोऱ्याची आहे. नवं सुरू केलं की जुनं जाणार, त्यातल्या बारा हजारांसकट.

विभावरीबाईंना ठरवायला वेळ लागला नाही. शब्दही एका मिनिटात सुचला, ‘सुवी’. इतका चटकन सुचला की त्यांना स्वतःचीच शंका आली. त्या सर्फराजला म्हणाल्या, सोमवारी हा घालू, पोरींची बारशी होतील, प्रश्न मिटला.

सर्फराजनं शब्द लिहून घेतला. मग पेन कानाला लावून म्हणाला, “शब्द झ्याक आहे. पण मॅडम, रागावू नका. त्यांना विचारलंय?”

“कुणाला?”

“चौकटीतल्या बाईंना. निपाणी काय लांब आहे? कोगनोळीचा नाका ओलांडला की आलंच.”

विभावरीबाई रागावल्या. रविवारी सकाळी नऊच्या गाडीनं निघाल्या.

वैजूची पिठाची गिरण होती. पत्ता शोधावा लागला नाही. गेली कित्येक वर्षं तो त्यांना माहीत होता, फक्त कुणाला सांगायचा प्रसंग आला नव्हता. गिरणीत चार गिऱ्हाइकं होती आणि चक्कीचा आवाज छातीत भरत होता. पट्ट्याजवळ उभी असलेली बाई पिठानं भुवयांपर्यंत पांढरी झाली होती. तिनं न बघताच हात पुढे केला, डबा घ्यायला. डबा आला नाही तसं वर बघितलं.

मग वैजूनं बाकाकडे बोट केलं आणि पुढचं दळण टाकलं. चारही डबे दळून होईपर्यंत तिनं बाकाकडे पाहिलं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाशी मात्र बोलली; एकीला सुनेचं विचारलं, एकाशी कन्नडमध्ये भांडली, एका म्हाताऱ्याला डबा उचलून सायकलवर लावून दिला. भिंतीवर एका पुरुषाचा फोटो होता, त्याला हार. हार जुना, म्हणजे जाऊनही दिवस झाले असणार. हा चेहरा विभावरीबाई पहिल्यांदाच बघत होत्या.

शेवटचं गिऱ्हाईक गेलं तशी वैजूनं मोटर बंद केली. आवाज थांबल्यावर दुकान एकदम मोठं वाटू लागलं.

“बोला,” ती म्हणाली. “आई बरी आहे ना?”

“बरी आहे. वैजू—”

“ते नाव इथं कुणी घेत नाही. मला सगळे काकी म्हणतात. तुम्ही काहीच म्हटलं नाही तरी चालेल, सवय आहे.”

‘तुम्ही’ हा शब्द तिनं जोर न देता वापरला, परक्या बाईला वापरावा तसा. विभावरीबाईंनी माफी मागायची ठरवून चार वाक्यं आणली होती. ती सोडून त्यांनी कामाचं सांगायला सुरुवात केली. गुऱ्हाळ, ओरू, बारशाची रीत, गाळलेली चौकट, बांधावरच्या एक हजार नऊशे चाळीस जणी. वैजू पिठाचे हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. चौकटीचं ऐकताना तिच्या तोंडाची एक बाजू किंचित हलली. ते हसू होतं की नाही ते कळायला विभावरीबाईंना तिचा चेहरा पुरेसा ओळखीचा उरला नव्हता.

“आता मी शब्द घालतेय,” विभावरीबाई म्हणाल्या. “उद्या पुन्हा पहिल्यापासून चालू करू. त्यांना जन्मापासून नावं मिळतील.”

“कुणाला?”

“त्यांना. त्या बायकांना.”

“ह्या ज्या उभ्या आहेत, ह्यांना?”

“नाही. ह्या राहणार नाहीत. दुसऱ्या होतील.”

“म्हणजे ह्या पुसायच्या आणि नव्या आणायच्या. बारशासकट.”

“वैजू, ते यंत्र आहे. त्यांना काही कळत नाही.”

“मग बेचाळीस किलोमीटर आलात कशाला?”

बाहेर एक बाई डबा घेऊन आली. वैजूनं तिला हातानंच दहा मिनिटं थांब म्हणून सांगितलं. मग तिनं सांगितलं, अगदी हिशेबीपणानं, की तेराव्याला ती फाटकाशी दीड तास उभी होती. शेजारच्या बंगल्यातल्या मोलकरणीनं तिला पाणी दिलं आणि इथं कुणाकडे आलात म्हणून विचारलं. त्या बाईचं नाव तिला अजून आठवत होतं, हौसाबाई. आबांचं तोंड बघायला मिळालं नाही याचं वाईट तेव्हा वाटलं होतं, आता वाटत नाही.

“एक सांगा,” वैजू म्हणाली. “त्या आपसात काय बोलतात?”

“बोलत नाहीत. त्यांच्याशी कुणी बोलतच नाही, तर त्या शिकणार कुठून?”

“कुणी ऐकलंय?”

“नोंदीत काहीच नाही.”

“नोंद कोण ठेवतं?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मोटरच्या बटणावर हात ठेवला. “एकतीस वर्षं मी काय गप्प बसून होते असं वाटलं का तुम्हाला? दिवसभर बोलत असते मी. नवरा तर म्हणायचा, चक्की परवडली.”

मोटर सुरू झाली. निघताना विभावरीबाईंनी दारावरच्या पाटीवरचा फोन नंबर वाचला. लिहून घेतला नाही. त्यांना आकडे पाठ होतात.

सोमवारी सकाळी आठला त्या ऑफिसात होत्या. सर्फराजला त्यांनी एकच विचारलं, की नोंद कशाची होते? तो सांगू लागला, कोण कुणाशी काय बोललं याची. बोलणाऱ्याचं नाव, ऐकणाऱ्याचं नाव, मग मजकूर. सांगता सांगता त्याचं बोलणं मंदावलं. नाव नसेल तर ओळच पडत नव्हती. बिननावाच्या तोंडचा आवाज यंत्र वाऱ्याच्या, पाण्याच्या आवाजांत जमा करत होतं.

त्यानं तो ढीग उघडला. पक्षी, पाऊस, कुत्री असं एकेक बाजूला काढत गेला. उरलं ते दोघांनी ऐकलं. आधी त्यांना ती कुजबुज वाटली. मग तिच्यात ठेका दिसला. एक थांबली की दुसरी बोलायची. प्रश्नाला चढायचा तसा सूर चढायचा, आणि पलीकडून उतरता जबाब यायचा. कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि सातआठ जणी हसल्या.

सर्फराजनं अंगावरचा काटा चोळून जिरवला.

शास्त्रात याला आधार होता आणि विभावरीबाई तो वर्गात शिकवतही असत. बहिरी मुलं एका शाळेत एकत्र आली आणि कुणी न शिकवता त्यांनी स्वतःची खुणांची भाषा घडवली, अशी नोंद आहे. शिकणाऱ्या बुद्धीला बोलणं मिळालं नाही तर ती शेजारच्या उपाशी बुद्धीबरोबर ते तयार करते. बांधावरच्या जाणत्या बायका रांगत येणाऱ्या बिननावाच्या पोरींना उचलून घेत होत्या, चालायला शिकवत होत्या, बोलायला शिकवत होत्या. ऐंशी पिढ्या. विभावरीबाईंनी कान देऊन ओरूचा एखादा तरी शब्द शोधला. पाण्याला त्या ‘इदुम’ म्हणत नव्हत्या, ‘तुमा’ म्हणत नव्हत्या. एकही शब्द ओळखीचा नव्हता. चार गावांच्या चार बांधांवर मात्र बोली जवळजवळ एकच होती, कारण रात्री गावं झोपली की या बायका डोंगर ओलांडून एकमेकींकडे जात होत्या. ओरूच्या लेकींना दोन हजार वर्षांत एकमेकींचं बोलणं कळेनासं झालं होतं.

सर्फराजनं यंत्राला सगळ्यात जास्त येणारा शब्द काढायला लावला. तो होता ‘न्हूर’. कुठं कुठं येतो तेही काढलं. गावातला माणूस दिसला की येत होता, दर वेळी. विहिरीवरच्या बायकांकडे बोट करून लहान पोरींना सांगताना येत होता. भाकरीची टोपली घेताना येत होता.

“म्हणजे ‘गाववाले’,” सर्फराज म्हणाला. “किंवा ‘नावाची माणसं’.”

“अजून कुठं?”

त्यानं यादी खाली सरकवली. वठलेल्या उंबराशी. नदीकाठी पडलेल्या गाईशी, ती कुजेपर्यंत. एक म्हातारी सकाळी उठली नाही तेव्हा तिच्याभोवती बसून, चार दिवस.

सर्फराजनं पडद्यावर वरच्या गावाचा बांध उघडला. विहिरीवर झुंबड उडाली होती, बायकांची तोंडं चालू होती, आणि बांधावर एक पोरगी त्यांच्याकडे बघत आपल्या कडेवरच्या लहानगीला हळू आवाजात तो शब्द शिकवत होती. लहानगीनं तो नीट म्हटला. पोरगीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. इतके दिवस विभावरीबाई समजत होत्या की भूतं बांधाच्या पलीकडे उभी आहेत. पलीकडूनही तसंच दिसत होतं, आणि पलीकडच्यांना जास्त वर्षांचा अनुभव होता. त्या रोज येऊन उभ्या राहत, ते आशेनं नव्हे. मेलेल्यांच्या वाटेकडे थोडा वेळ बघत उभं राहावं, अशी त्यांची रीत असावी.

दहाला दहा मिनिटं होती. अनुपमाबाई दारात आल्या.

“नवं चालू करायचं नाही,” विभावरीबाई म्हणाल्या. “आहे तसंच जाऊ दे. फक्त भाषा चार नाहीत, पाच आहेत.”

अनुपमाबाईंना पाचवी आवडली. त्यांनी भिंतीवरच्या वंशवृक्षाकडे बघून विचारलं, ती कुठल्या फांदीवर काढायची, ओरूची पाचवी लेक म्हणून?

“नाही. ती ओरूची कुणी नाही. झाडाच्या बाहेर काढा, रेघ न जोडता.”

“आणि तुमच्या नावाखाली?”

“माझ्या नावाखाली चारच.”

त्यांनी सही केली. सर्फराजनं ‘सुवी’ लिहिलेला कागद पुढे केला, याचं काय करू म्हणून. बाईंनी तो घेतला आणि बराच वेळ घडी घालत राहिल्या. शब्द चांगला होता. तो देण्याचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांना कालपर्यंत वाटत होतं.

दुपारी बारा वाजता, गॅलरीत उभं राहून त्यांनी पाटीवरचा नंबर फिरवला. सहाव्या घंटेला फोन उचलला गेला. मागे चक्की चालू होती.

“मी बोलतेय,” विभावरीबाई म्हणाल्या. कोण ते सांगितलं नाही. सांगायला त्यांच्याकडे जो शब्द होता, तो पलीकडच्या बाईनं स्वीकारलेला नव्हता. “बोलतात त्या. आपसात. स्वतःची भाषा आहे त्यांची.”

चक्की चालूच राहिली. “बरं. मग पुसल्या का?”

“नाही.”

“तुमच्या माणसांना काय म्हणतात त्या?”

विभावरीबाईंनी आयुष्यभर शब्दांचे अर्थ लिहिले होते. एखादा अर्थ मवाळ कसा करायचा हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ‘परके’ म्हणता आलं असतं. ‘दूरचे’ म्हणता आलं असतं.

“मेलेले,” त्या म्हणाल्या.

मोटर थांबली. थांबता थांबता चक्कीचा सूर खाली खाली गेला आणि विरला. एक गिऱ्हाईक तिकडे काहीतरी विचारत होतं, त्याला उत्तर मिळालं नाही.

“बरोबर म्हणतात,” वैजू म्हणाली.

विभावरीबाई फोन बंद होण्याची वाट बघत राहिल्या. तो बंद झाला नाही. पलीकडे श्वास ऐकू येत होता, पीठ नाकातोंडात गेलेल्या माणसाचा, किंचित घरघरणारा. बारा सेकंदं. वीस. खाली फाउंड्रीत भट्टीचं दार उघडलं तशी ऊन हवा वर आली.

“आणखी काय काय म्हणतात?” वैजूनं विचारलं.

“माहीत नाही. मला अजून एकच शब्द कळलाय.”

“मग ऐका की,” ती म्हणाली. फोन कशावर तरी टेकवून ठेवल्याचा आवाज आला. मोटर पुन्हा सुरू झाली, आणि तिच्या घरघरीतून एका बाईचं बोलणं ऐकू येऊ लागलं. कुणाला तरी दळण बारीक हवं होतं, कुणाची तरी सून बाळंत झाली होती, मधेच दोन वाक्यं कन्नड. सगळं कळत नव्हतं. विभावरीबाईंनी फोन कानाला घट्ट दाबला, दुसरा कान हातानं झाकून घेतला आणि त्या ऐकत उभ्या राहिल्या.